मॉनिटर एक, कामे दोन

संगणकाचे बहुतेक भाग पुढे बदलता येतात. रॅम वाढवता येते, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येते, ग्राफिक्स कार्ड दोन-तीन वर्षांनी विकून नवे घेता येते. मॉनिटरला मात्र ही सोय नाही. कारखान्यात त्यावर जितके पिक्सेल बसवले तितकेच अखेरपर्यंत राहतात, आणि पॅनेलचा जो स्वभाव पहिल्या दिवशी तोच शेवटच्या दिवशी. शिवाय मॉनिटर टिकाऊ असतो. एक मॉनिटर दोन-दोन संगणक पाहतो. त्यामुळे पैसे बेताचे असतील तर ही निवड अधिकच विचाराने करावी लागते. दिवसा काम आणि रात्री खेळ एकाच पडद्यावर चालणार असेल, तर दोन वेगळ्या मागण्या समोर येतात. खेळाला वेग हवा असतो, कामाला स्पष्ट अक्षर.

मांडणीच्या सोयीसाठी या दोन मागण्या इथे एका घरातल्या दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. बहीण घरून भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. तिचा बहुतेक मजकूर देवनागरीत असतो. भाऊ अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तो व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. त्याच्या संगणकात एएमडीचे आरएक्स ६६०० हे कार्ड आहे. टेबल एकच आणि खर्चाची मर्यादा वीस हजार रुपये.

भाऊ: ताई, आधी रिफ्रेश रेट बघू. आपला जुना मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड दीडशे काढत असलं तरी जास्तीची दिसतच नाहीत. आता १८० हर्ट्झचे मॉनिटर दहा हजारांच्या आसपास मिळतात.

बहीण: पण माझ्या वर्डच्या पानावर हलतंय काय? त्या वेगाचे पैसे मी का मोजायचे?

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र उमटवतो ती संख्या. ती वाढली की दोन चित्रांमधला वेळ कमी होतो. ६० हर्ट्झला हा वेळ १६.७ मिलिसेकंद असतो, १०० ला १०, १४४ ला ६.९, १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२. जाहिरातीत मोठी दिसते ती हर्ट्झची संख्या, पण डोळ्याला आणि हाताला जाणवतात ते वाचलेले मिलिसेकंद. ६० वरून १०० वर गेल्यास जवळपास पावणेसात मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून १८० वर गेल्यास दीडही वाचत नाही. पहिल्या टप्प्यात पैशाचा मोबदला भरपूर मिळतो आणि पुढे तो झपाट्याने घटतो.

बहिणीच्या शंकेचेही उत्तर यातच आहे. एलसीडी पडद्यावरचे प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत जागेवर स्थिर राहते. डोळा मात्र सरकत्या वस्तूचा पाठलाग करत पुढे गेलेला असतो, म्हणून ती वस्तू पुसट दिसते. मजकूर सेकंदाला हजार पिक्सेल या गतीने वर सरकवला, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सुमारे १७ पिक्सेल लांबीइतके पसरते, १०० हर्ट्झवर १० पिक्सेल आणि १८० वर साडेपाच. दोनशे पानांच्या हस्तलिखितात एखादा परिच्छेद शोधताना ओळी सरकत असतानाच वाचता येणे किंवा न येणे यावर अवलंबून असते. वेगाचा फायदा फक्त खेळणाऱ्याला मिळतो हा समज त्यामुळे खरा नाही.

बहीण: ठीक आहे, शंभर हर्ट्झ मलाही हवेत. पण त्यापुढचा पैसा अक्षरावर घालायचा.

भाऊ: अक्षर तर सगळ्याच मॉनिटरवर दिसतं की गं. फुल एचडी म्हणजे फुल एचडी. त्यापेक्षा २७ इंची घेऊ, मोठा दिसेल.

स्वस्त मॉनिटरच्या खरेदीत सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. फुल एचडी म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० पिक्सेल. ही संख्या २४ इंची पडद्यावर तीच आणि २७ इंचीवरही तीच. पडदा वाढला की पिक्सेल वाढत नाहीत, ते फक्त मोठे होतात. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मॉनिटरांचा कर्ण प्रत्यक्षात २३.८ इंच असतो. तिथे दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल पडतात. २७ इंचीवर तीच घनता ८१ वर येते. त्याच २७ इंचात क्यूएचडी घेतला, म्हणजे बाजारात ज्याला टू-के म्हणतात तो २,५६० गुणिले १,४४० चा, तर घनता १०९ होते. फोर-के घेतला तर १६३.

डोळ्याच्या क्षमतेशी ताडून पाहिले की या आकड्यांना अर्थ येतो. निरोगी दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखता येतो असे धरले जाते. टेबलावरच्या मॉनिटरपासून साधारण ६० सेंटिमीटरवर हा तपशील ०.१७ मिलिमीटरचा होतो. २७ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल ०.३१ मिलिमीटर रुंद असतो, २४ इंची फुल एचडीचा ०.२७ आणि २७ इंची क्यूएचडीचा ०.२३. तिन्ही डोळ्याला सुटे दिसू शकतील इतके मोठे आहेत, पण पहिला सर्वांत जास्त. फोर-केचा ०.१६ हा डोळ्याच्या मर्यादेखाली जातो.

बहीण: इंग्रजी मजकूर कसाही चालून जातो. मला अडचण येते ती आपल्या लिपीत. 'मूर्तींना' हा शब्द घे. एका अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, आणि शेजारच्या अक्षराखाली ऊकार. ते सगळं त्याच एका ओळीत मावायचं.

हा मुद्दा मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि मॉनिटरच्या परीक्षणांत तो क्वचितच येतो. विंडोजमध्ये नेहमीच्या मापावर ११ पॉइंटाच्या अक्षराला सुमारे १५ पिक्सेल उंची मिळते. रोमन अक्षर त्यात सैलसर बसते. देवनागरीला त्याच उंचीत तीन मजले बांधावे लागतात: शिरोरेषेवर मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचा मुख्य भाग, खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. मुख्य भागाच्या वाट्याला जेमतेम निम्मे पिक्सेल येतात. मग भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक, जो शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीवर आणि गाठीवर टिकून असतो, एक-दोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. मुद्रितशोधन करणाऱ्याच्या नजरेतून अशी चूक निसटली तर ती छापून येते.

मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र अक्षरे गुळगुळीत दाखवते. पिक्सेलमधले लाल, हिरवा आणि निळा हे तीन उपभाग ते स्वतंत्र वापरते. मात्र हे उपभाग आडव्या ओळीत असल्याने मुख्य फायदा आडव्या दिशेने होतो. देवनागरीची गर्दी असते उभ्या दिशेने, म्हणून या तंत्राने तिची अडचण पुरती सुटत नाही. तिला खरोखर जास्त पिक्सेलच लागतात. काही पॅनेलांत उपभागांचा क्रम उलटा, म्हणजे निळा, हिरवा, लाल असा असतो. अशा पडद्यावर अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. विंडोजच्या क्लिअरटाइप ट्यूनरमधून ती बऱ्याच अंशी घालवता येते. ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून आपल्या संगणकांत हे उपभागांचे तंत्र बंद केले. त्यामुळे मॅक वापरणाऱ्याला कमी घनतेचा मॉनिटर विंडोजवाल्यापेक्षाही अधिक खुपतो.

भाऊ: मग क्यूएचडी घ्यायचा म्हणतेस. पण त्याचा भार माझ्या कार्डावर पडणार. हे कार्ड मुळात फुल एचडीसाठीच आणलेलं आहे.

भावाचा आक्षेप योग्य आहे. फुल एचडीत २०,७३,६०० पिक्सेल असतात, क्यूएचडीत ३६,८६,४००. म्हणजे कार्डाला प्रत्येक चित्रासाठी पावणेदोन पटींहून थोडे अधिक रंगकाम करावे लागते. फोर-केत हा आकडा फुल एचडीच्या बरोबर चौपट होतो. आरएक्स ६६०० हे कार्ड एएमडीने २०२१ साली फुल एचडी खेळासाठी म्हणूनच बाजारात आणले होते. सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ त्यावर क्यूएचडीत चालवायचा तर चित्राचा दर्जा उतरवावाच लागेल.

तरीही हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे खेळ मुद्दाम हलके बनवलेले असतात. साध्या कार्डावरही ते पळावेत, हा त्यांच्या निर्मात्यांचा हेतूच असतो. जड खेळांसाठी एएमडीचे एफएसआर आणि एनव्हिडियाचे डीएलएसएस ही तंत्रे आहेत. ती खेळाचे चित्र कमी पिक्सेलांत काढतात आणि मग पडद्याच्या मापापर्यंत वाढवतात. सावल्या, प्रतिबिंबे, गवताची दाटी हे सगळे खेळाच्या सेटिंगमध्ये खाली आणता येते आणि उद्या चांगले कार्ड आले की पुन्हा वर नेता येते. अक्षराला अशी तडजोड उपलब्ध नाही.

भाऊ: नाहीतर खेळताना रिझोल्यूशनच फुल एचडीवर आणतो. मग काय बिघडलं?

बिघडते ते गणितात. फुल एचडीचा एक पिक्सेल क्यूएचडीच्या पडद्यावर सव्वा ते दीड पिक्सेलांच्या मध्ये, नेमके सांगायचे तर १.३३ पिक्सेलांवर पसरावा लागतो. पिक्सेलचा तिसरा हिस्सा उजळता येत नाही, म्हणून कडा धूसर होतात. फोर-केवर हेच गुणोत्तर नेमके दोन आहे. तिथे फुल एचडीचा एक पिक्सेल चार पिक्सेलांचा चौकोन भरून टाकतो, आणि कार्डाने किंवा खेळाने सरळ दुप्पट करण्याची सोय दिली असेल तर चित्र स्वच्छ राहते. म्हणून क्यूएचडीवर कार्ड कमी पडले तर रिझोल्यूशनला हात लावू नये; आधी खेळातल्या इतर सेटिंग उतरवाव्यात, मग एफएसआर किंवा डीएलएसएस वापरावे. ज्याचे मुख्य काम मजकुराचे आहे आणि खेळ अधूनमधून, त्याने ६० हर्ट्झच्या २७ इंची फोर-केचाही विचार करायला हरकत नाही. या घरात मात्र तो बसत नाही, कारण भावाचा खेळ रोजचा आहे आणि वेगाचा आहे.

भाऊ: बरं, मग पॅनेल? दुकानात म्हणतात व्हीए घ्या, काळा रंग छान दिसतो. वर वक्रही मिळतो, स्वस्तात.

स्वस्त मॉनिटरांत तीन जातींची पॅनेले मिळतात. टीएन सर्वांत जुने. ते चपळ असते, पण पडद्याकडे थोडे तिरके किंवा खालून पाहिले की रंग फिरतात. आता ते घेण्याचे कारण उरलेले नाही. खरी निवड आयपीएस आणि व्हीए यांच्यात.

व्हीएची बलस्थाने खोटी नाहीत. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे गुणोत्तर आयपीएसमध्ये साधारण एक हजारास एक असते, व्हीएमध्ये तीन हजारास एक किंवा त्याहूनही चांगले. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहताना आयपीएसचा काळा करडा वाटतो आणि कोपऱ्यांत फिकट चमक दिसते. व्हीएमध्ये रात्र रात्रीसारखी दिसते. पण स्वस्त व्हीएचा एक दोष या दोघांनाही सारखाच नडणारा आहे. त्यातले द्रव स्फटिक गडद छटेवरून थोड्या उजळ छटेवर जायला फार वेळ घेतात. खेळात अंधाऱ्या भिंतीसमोरून पळणाऱ्या आकृतीमागे काळपट शेपूट राहते. काळ्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरे वाचणाऱ्याला मजकूर सरकवताना तसाच माग दिसतो. शिवाय बाजूने पाहिल्यास व्हीएचा रंग फिका पडतो, आणि २७ इंची पडद्याच्या दोन्ही कडा जवळून पाहणाऱ्याला नेहमीच थोड्या तिरक्या असतात. वक्र पडदा हा दोष काहीसा झाकतो. पण एवढ्या मापात वक्रतेचा त्याहून मोठा लाभ नाही, आणि तक्त्याच्या सरळ रेघा डोळ्याला वाकलेल्या वाटू शकतात. दोन्ही कामांसाठी एकच पडदा घ्यायचा असेल तर आयपीएस हेच उत्तर. व्हीए चित्रपटाच्या शौकिनासाठी ठेवावा.

बहीण: खोक्यावर 'एक मिलिसेकंद' लिहिलेलं असतं ते काय?

भाऊ: रिस्पॉन्स टाइम. पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ.

हा आकडा खोक्यावरच्या सर्व आकड्यांत सर्वांत कमी भरवशाचा. करड्याच्या एका छटेवरून दुसरीवर जाण्याचा वेळ छटेगणिक वेगळा असतो, आणि कंपनी त्यातला सर्वांत कमी वेळ छापू शकते. तोही ओव्हरड्राइव्ह पूर्ण ताणून मिळवलेला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला जादा व्होल्टेज देऊन घाईने पुढे ढकलणे. ते प्रमाणाबाहेर गेले की पिक्सेल इच्छित छटा ओलांडून पलीकडे जातो आणि सरकत्या वस्तूभोवती उजळ कडा दिसते. वापरात ओव्हरड्राइव्हची मधली पातळी जवळपास नेहमीच बरी पडते. दुसरा एक आकडा एमपीआरटी या नावाने छापतात. तो पिक्सेलच्या चपळाईचा नसतोच. मागचा दिवा प्रत्येक चित्रागणिक मिटवून तो मिळवलेला असतो. त्यात धूसरपणा घटतो, पण पडदा मंद होतो आणि लुकलुकतो. दोन्ही मॉनिटरांवर एक मिलिसेकंद छापलेले असले तरी आयपीएस आणि व्हीए डोळ्यांना सारखे दिसणार नाहीत.

भावाचा आणखी एक आग्रह अडॅप्टिव्ह सिंकचा, आणि तो मान्य करण्याजोगा आहे. कार्डाची चित्रे ठरावीक तालात निघत नाहीत. एखादे सात मिलिसेकंदांत निघते, पुढचे बारा घेते. पडदा मात्र आपल्या ठोक्यावर चालत राहिला तर अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र एकाच वेळी दिसते, मधे आडवी चीर पडते. कार्ड आणि पडदा यांचा ठोका जुळवण्याची पद्धत एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक या नावाने आणली. तिला मॉनिटरमध्ये वेगळा, महागडा भाग लागायचा. २०१४ साली व्हेसा या मानके ठरवणाऱ्या संस्थेने अडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतले. एएमडीचे फ्रीसिंक त्यावरच उभे राहिले आणि त्यासाठी वेगळ्या भागाची गरज उरली नाही. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या जीटीएक्स १० मालिकेपासूनच्या कार्डांना असे मॉनिटर खुले केले. आज स्वस्तातल्या गेमिंग मॉनिटरमध्येही ही सोय असते. तिची खालची आणि वरची मर्यादा तेवढी पाहावी. ४८ ते १८० अशी रुंद मर्यादा असेल तर खेळ ४८ च्या खाली गेल्यावर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ताल राखता येतो. ४८ ते ७५ अशी अरुंद असेल तर तसे करता येत नाही. क्यूएचडीवर मध्यम कार्ड चालवायचे असताना ही सोय सर्वांत उपयोगी पडते, कारण अशा वेळी वेग सतत खाली-वर होत असतो.

एचडीआरवर, म्हणजे एकाच चित्रात प्रखर उजेड आणि गडद काळोख दाखवण्याच्या सोयीवर, या किमतीत एक रुपयाही जास्त देऊ नये. खोक्यावरचे 'एचडीआर १०' एवढेच सांगते की मॉनिटर तो संकेत स्वीकारतो. तो दाखवण्याइतकी प्रखरता पडद्यात आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर हे मानक आणले. त्याची सर्वांत खालची ४०० ही पातळीसुद्धा मूळ रूपात पडद्याचे भाग स्वतंत्रपणे उजळ किंवा मंद करण्याची अट घालत नव्हती. रंगांच्या बाबतीत एसआरजीबी या नेहमीच्या रंगपल्ल्याची ९५ टक्के किंवा अधिक व्याप्ती पुरेशी. ४५ टक्के एनटीएससी असे लिहिलेले आढळले तर तो पडदा सोडून द्यावा. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो.

बहीण: आणि मान? दिवसाचे आठ तास मी त्यासमोर बसते. मागच्या मॉनिटरखाली चार पुस्तकं ठेवलीत.

भाऊ: स्टँडचे कोण पैसे देतं ताई?

द्यावेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली यावी, आणि पडदा हातभर अंतरावर असावा. स्वस्त मॉनिटरांचे स्टँड फक्त मागे-पुढे कलतात. त्यांची उंची बदलत नाही. उंची बदलणाऱ्या स्टँडसाठी थोडे जास्त पैसे पडतात, आणि एकच टेबल वेगळ्या उंचीच्या दोघांनी वापरायचे असेल तर ते एचडीआरपेक्षा कितीतरी सत्कारणी लागतात. तसा स्टँड नसेल तर निदान मॉनिटरच्या पाठीवर व्हेसाची भोके आहेत ना, हे पाहावे. ती ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांवर नंतर वेगळा आर्म बसवता येतो. काही अगदी स्वस्त मॉडेलांत ही भोके नसतात आणि मग पुस्तकांखेरीज मार्ग उरत नाही.

डोळ्यांच्या रक्षणाच्या नावाखाली बरेच काही विकले जाते. पडद्यासमोर डोळे थकण्याचे मोठे कारण म्हणजे आपण एकटक पाहतो आणि पापण्या कमी लवतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था करत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटर दूर पाहणे हा तिचा सल्ला फुकट आहे. तपासण्यासारखी एक गोष्ट म्हणजे मागचा दिवा. काही मॉनिटर प्रखरता कमी करण्यासाठी दिवा वेगाने उघडझाप करतात, आणि काहींचे त्याने डोके दुखते. फ्लिकर-फ्री असे स्पष्ट लिहिलेले मॉडेल याच किमतीत मिळत असताना दुसरे घेण्याचे कारण नाही. प्रखरता २५० निट असली तर बंद खोलीत चालते. खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत ३०० बरी, आणि पडदा चकचकीत नसून मॅट असावा.

भाऊ: त्यापेक्षा ३२ इंची टीव्हीच आणला तर? तेवढ्याच पैशांत येतो.

बहीण: कामाला चालेल का तो?

चालणार नाही. स्वस्त ३२ इंची टीव्हीत बहुधा १,३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतात, म्हणजे दर इंचाला ४९. बरेच टीव्ही रंगांची माहिती अर्धवट स्वीकारतात, त्यामुळे पांढऱ्यावरची लाल किंवा निळी अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. चित्रावर ते स्वतःची प्रक्रियाही करतात, आणि माउस हलवल्यावर बाण उशिरा हलतो. टीव्ही दोन-तीन मीटरवरून पाहण्यासाठी बनवलेला असतो.

आता किंमत. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे २४ आणि २७ इंचीत कराचा फरक पडत नाही. २४ इंची फुल एचडी आयपीएस १०० हर्ट्झचा मॉनिटर साधारण सात ते दहा हजारांत येतो, आणि २७ इंची क्यूएचडी आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झचा, पंधरा ते वीस हजारांत. सणासुदीच्या विक्रीत हे आकडे खाली येतात.

बहीण: म्हणजे माझं अक्षर आणि तुझा वेग दोन्ही वीस हजारांत बसतात.

भाऊ: बसतात. पण १८० च्या ऐवजी २४० चा हट्ट सोडावा लागेल मला.

बहीण: आणि मी फोर-केचा.

या घरासाठी निर्णय तोच: २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, अडॅप्टिव्ह सिंक, आणि दोन मॉडेलांत अडले तर उंची बदलणारा स्टँड ज्याला असेल ते. पहिले शंभर हर्ट्झ वेगासाठी राखून ठेवावेत आणि त्यापुढचा पैसा घनतेकडे वळवावा, कारण तिथे त्याचे मोल जास्त आहे. वेगळ्या कार्डाविना, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवणाऱ्याने किंवा दहा हजारांची मर्यादा असणाऱ्याने २४ इंची फुल एचडी आयपीएस घ्यावा. तो बराच काळ पुरणारा, प्रामाणिक पडदा आहे. २७ इंची फुल एचडी मात्र टेबलावर कोणीच घेऊ नये. त्यावर बहिणीचे अक्षर तुटते आणि भावाला दूरचा शत्रू जाड ठिपक्यांत शोधावा लागतो; मोठेपणाखेरीज त्यात काही नाही.

केबलबद्दल थोडे. एचडीएमआय १.४ फुल एचडीला १२० हर्ट्झपर्यंत नेते, क्यूएचडीला साधारण ७५ च्या आसपास थांबवते. एचडीएमआय २.० वर क्यूएचडी १४४ पर्यंत जाते. डिस्प्लेपोर्ट १.२ वर १६५ पर्यंत, १.४ वर त्याहून पुढे. खोक्यात एचडीएमआयची केबल आली म्हणून तीच लावू नये. कार्डाला आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती केबल वेगळी घ्यावी. बहिणीच्या लॅपटॉपला टाइप-सी असले तरी त्यातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह आहे का, किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात मॉनिटर चालू करून पाहता येतो. तिथे दुकानदाराचा झगमगता व्हिडिओ पाहू नये. पेन ड्राइव्हवर स्वतःचे मराठी पान न्यावे आणि ११ पॉइंटात उघडून हातभर अंतरावरून वाचावे. ऑनलाइन घेतल्यास परतीची मुदत किती दिवसांची आणि कोणत्या दोषांसाठी, हे आधी वाचावे. एक-दोन मृत पिक्सेल बहुतेक कंपन्या दोष मानत नाहीत, पण परतीच्या मुदतीत विक्रेता मॉनिटर बदलून देऊ शकतो. म्हणून खोके उघडल्याच्या दिवशीच पडदा आळीपाळीने पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा करून तपासावा. काळ्यावर अंधारात कोपऱ्यांतून गळणारा प्रकाश पाहावा. थोडासा आयपीएसमध्ये असतोच, पण एकाच कोपऱ्यात पिवळसर डाग असेल तर मॉनिटर परत करावा. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वर न्यावा, कारण नवा मॉनिटर पुष्कळदा ६० हर्ट्झवरच सुरू होतो आणि कोणी बदलला नाही तर वर्षानुवर्षे तिथेच राहतो. २७ इंची क्यूएचडीवर अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नये. स्केलिंग १२५ टक्के करावे. त्याने अक्षर मोठे होते आणि पिक्सेल तितकेच राहतात.